बाहुलीचं रुखवत

धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचं गाव आहे. आमच्या बार्शी तालुक्याला ते तसं जवळच. गोरोबाकाकांचं गाव म्हणून वारकरी तिथं जातात, पण सातवाहनांच्या काळात हेच गाव तगर म्हणून व्यापारात नावाजलेलं होतं. पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायची. रस्ते धड नव्हते, तरी गाड्या जात. तेरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर वेचून ठेवलेल्या वस्तू आहेत. त्यात मातीच्या बाहुल्या आहेत आणि हस्तिदंताची एक बाहुली आहे. तिच्यासारखीच दुसरी इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. अंगावर दागिनेच दागिने, केसांची रचना बघावी तर आजच्या नवरीला लाजवील अशी.

पण ज्या कापडासाठी तगर नावाजलेलं होतं, त्या कापडाची एक चिंधी तिथं नाही. कापूस दोन हजार वर्षं कुठला टिकायला? माती टिकली, हस्तिदंत टिकला. त्या काळातल्या पोरींनी चिंध्यांच्या बाहुल्या केल्याच असतील, त्यांना लुगडी नेसवली असतील, त्यांच्यापुढं ताटं मांडली असतील. ते सगळं मातीला मिळालं. म्हणून आमच्या घरच्या बाहुल्यांचं आणि त्यांच्या आराशीचं तेवढं लिहून ठेवतो. दोन हजार वर्षं राहू द्या, पन्नास वर्षांतच त्यातलं निम्मं गेलं.

आमच्याकडं भादव्यात लक्ष्म्या बसतात. अनुराधा नक्षत्रावर यायच्या, ज्येष्ठेला जेवायच्या आणि मुळावर जायच्या. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. पत्र्याच्या दोन कोठ्या, त्यात धान्य, वर मुखवटे, अंगाला लुगडी. पुढ्यात त्यांची दोन बाळं, एक मुलगा, एक मुलगी. त्यांना दरवर्षी नवं झबलं-टोपडं शिवायचंच. लक्ष्मीला मागच्या वर्षीचं लुगडं चालतं, बाळाला जुनं चालत नाही, असा आमच्या आजीचा नेम. त्याच्याही पुढं पायऱ्यांची आरास. मातीचे बैल, मातीची विहीर, धान्याच्या राशी. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर घरातल्या पोरींच्या बाहुल्या. वैशाखात त्यांची लग्नं लागलेली असायची, म्हणून भादव्यात त्याही माहेरी आलेल्या धरायच्या. लक्ष्म्या जेवल्या की बाहुल्यांची पंगत. त्या पंगतीसाठी महिनाभर आधीपासनं शिवणटिपण चालायचं.

पंगतीचं सामान दोन हातांनी व्हायचं. लाकूडकाम पोरांकडं, म्हणजे माझ्याकडं, आणि कापडकाम माझ्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं. लाकूडकाम म्हणायचं, पण लाकूड त्यात नव्हतंच. मालदांडीचं वाळलेलं धाट घ्यायचं, वरची साल दातानं सोलायची, आतला गाभा मऊ लागतो. बोटाएवढे तुकडे सारखे कापायचे आणि बाभळीच्या काट्यांनी एकमेकांत टोचायचे. काटा हाच खिळा. चार पायांचा चौरंग, दोन पाट, एक पाळणा. धाट पाहिजे मालदांडीचंच. पुढं हायब्रीड ज्वारी आली, तिचं धाट बुटकं, पेरं जवळजवळ. पीक जास्त आलं हे खरं, पण त्याचा चौरंग काही मनासारखा झाला नाही. अशा तक्रारी कृषी खात्याकडं कोण करणार!

कापडकाम मात्र खरं कौशल्याचं. वीतभर बाहुली. आत काडी, डोकं सरकी काढलेल्या कापसाचं, वर पांढऱ्या कापडाचा तुकडा ताणून बांधलेला, डोळे काळ्या दोऱ्याचे, केस आजीच्या जुन्या गंगावनातले. आता तिला नऊवारी नेसवायची. हिशेब बघा. पाच फुटांच्या बाईला नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट कापड लागतं. त्या मानानं पाऊण फुटाच्या बाहुलीला चार फूट लांब पट्टी पाहिजे. सलग चार फूट चिंधी आणायची कुठनं? शिंप्याकडं मिळायचं ते कातरण हातभराच्या वर नसायचं. लांब मिळायचा तो फक्त लुगड्याचा काठ, कारण लुगडं मधनं विरतं, काठ घट्ट विणीचा असतो, तो मागं राहतो. पण काठावरही आईचा डोळा असायचा.

म्हणून पोरींनी एक युक्ती काढलेली. फक्त समोरच्या निऱ्या शिवायच्या, पदर शिवायचा, कासोट्याचं टोक बाजूनं दिसेल एवढं काढायचं, आणि मागची बाजू मोकळी सोडून द्यायची. बाहुली भिंतीला टेकून बसवली की झालं. वीत-दीड वीत चिंधीत नऊवारी! अक्काचा यात हातखंडा. तिची निरी निरीला अशी चिकटून बसायची की मोठ्या बाया वाकून बघायच्या.

घरात सुई एकच. कॅलेंडरच्या वरच्या पट्टीला टोचून ठेवलेली. तिन्हीसांजेला सुई कुणाला द्यायची नाही, मागायची नाही. हरवली तर सगळं घर गुडघ्यावर. चौरंगावर घालायला अक्का धावदोऱ्याची गोधडी शिवायची, तळहाताएवढी, पण नऊ ठिगळांची. खरी गोधडी शिवताना जे काय करतात ते सगळं तिच्यात, कडेला फाटके काठ दुमडून घातलेले, मधे टाक्यांची चौकट. कडुलिंबाच्या काडीला अडकवलेलं पताकांचं तोरण, पताका गव्हाच्या खळीनं चिकटवलेल्या. पळसाच्या पानाचे गोल काढून, चोयीनं टाचून केलेल्या रुपयाएवढ्या पत्रावळी. सोड्याच्या बाटलीची बुचं म्हणजे वाट्या. त्यात खरी आंबील, थेंब थेंब.

आराशीला सगळ्या आळीच्या पोरी यायच्या असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण पाळण्याची दोरी वळून द्यायची ती मातंगवाड्यातली एक पोर, अक्काच्याच वयाची. तिच्यासारखी बारीक, एकसारखी दोरी आमच्यात कुणालाच वळता यायची नाही. पाळणा तिच्या दोरीवर टांगलेला आणि ती मात्र ओसरीच्या खाली उभी. तिच्या हातावर पुरण वरून पडायचं. बाहुल्यांच्या पंगतीलासुद्धा तिला वर घेतलेलं मला आठवत नाही.

चिंध्यांचं गाठोडं आजीच्या ताब्यात. मला वाटतं, गावात इतिहासाचं एखादं पुस्तक होतं तर ते गाठोडं. सगळ्यात खाली इरकली लुगड्यांचे काठ. इरकल हे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, तिथलं लुगडं आमच्या भागातल्या बायांचं सणाचं लुगडं. तांबडा पदर, करडं किंवा काळं अंग. त्याच्या जोडीला गुळेदगुड्डच्या खणांचे कोपरे. खण ओटीत यायचा, चोळी शिवताना बगलेतला तुकडा उरायचा, तो बाहुलीचा.

त्याच्यावर एक जाडंभरडं, मळकट पांढरं कापड. आजी त्याला कंट्रोलचं कापड म्हणायची. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, इंग्रज सरकारनं कापडाच्या भावावर आणि वाटपावर नियंत्रण आणलं. गिरण्यांचं कापड लष्कराकडं वळलेलं, बाजारात मिळेना, मिळालं तर काळ्या बाजारात. आजी सांगायची, त्या वर्षांत बाया एक लुगडं वाळेपर्यंत घराबाहेर पडायच्या नाहीत. माझी आई तेव्हा बाहुल्यांशी खेळायच्या वयाची. तिच्या बाहुल्यांना त्या वर्षी पळसाच्या पानांची लुगडी. पान वाळलं की कुरकुर वाजायचं आणि फाटायचं, मग रोज नवं नेसवायचं. “आमच्या बाहुल्या रोज नवं लुगडं नेसत व्हत्या,” असं आई हसून सांगायची. त्यात हसण्यासारखं काय होतं ते तिलाच ठाऊक.

त्याच्यावर सोलापूरच्या चादरींच्या दशा, गिरणीच्या छापील पातळांचे तुकडे. मग शिंप्याचं कातरण. शिंपी हा आमच्याकडं अलुतेदारांत धरला जायचा. सुगीला त्याचं पायलीभर धान्य ठरलेलं, त्या बदल्यात वर्षाचं शिवण. कलकत्त्याला तयार होणारं उषा मशीन त्यानं घेतलं तेव्हा आम्ही पोरं त्याच्या दारात बसून पायट्याचा आवाज ऐकायचो. कातरण मागायला मला पाठवायचे, कारण पोरीला हाकलतील, पोराला हाकलणार नाहीत. सगळ्यात वर टेरिकॉट. ते सरळ फाटत नाही, सुईखालनं सटकतं, आणि समईजवळ गेलं की सुताच्या चिंधीसारखं नुसतं जळत नाही, वितळून चिकटतं. एका वर्षी एका बाहुलीचा पदर तसा गेला. आजीनं त्यानंतर आराशीत टेरिकॉट बंद केलं.

गाठोड्यात एवढंच राहिलं याचं कारणही सांगितलं पाहिजे. लुगडं विरलं की त्याची दुपटी व्हायची, दुपट्याची गोधडीतली ठिगळं, ठिगळाचं पोतेरं आणि शेवटी पोतेऱ्याचा काकडा होऊन जळायचा. कापडाला मरायलाही फुरसत नव्हती. त्या वाटेवर मधेच हात घालून वीतभर चिंधी बाहुलीसाठी काढायची म्हणजे कुणाच्या तरी अंगाखालनं काढायची. म्हणून आजीची राखण एवढी कडक.

मग बहात्तर साल आलं. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस कमीच होता, पण बहात्तरला मृगही गेला आणि हस्तही गेला. विहिरींचे तळ दिसले. रेशनवर परदेशातली लाल मिलो आली, तिची भाकरी थापताना चिरायची. भादव्यात लक्ष्म्या यायच्या त्या आल्याच. त्यांना दुष्काळ कुठला? मी नेहमीसारखा धाट आणायला गेलो तर अण्णा पेंढ्या मोजत बसलेले. तीन बैल, एक गाय आणि मोजून एवढ्या पेंढ्या. मी एक धाट ओढलं. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या हातातलं धाट घेऊन परत पेंढीत खोचलं.

त्या वर्षी चौरंग तुराट्यांचा केला. तुराटीत काटा शिरत नाही, म्हणून सांधे बांधून घेतले. दोरा नव्हता, तर अक्कानं मिलोच्या गोणपाटाचे धागे उसवून घेतले. त्याच गोणपाटाचा मांडव केला, त्यावर काठाच्या तुकड्यांची नक्षी टाचली. कुंकवाच्या पाण्यात काही धागे रंगवले आणि त्यांची झालर लावली. मला विचाराल तर इतक्या वर्षांत आमच्या घरी झालेली ती सगळ्यात देखणी आरास. बुचांच्या वाट्यांत त्या वर्षी आंबील नव्हती, पाणी होतं.

लक्ष्म्या गेल्या आणि पंधरा दिवसांत आई आणि अक्का दुष्काळी कामावर जाऊ लागल्या. रस्त्याचं काम, खडी फोडायची. पुढच्या उन्हाळ्यात, १९७३ च्या मे महिन्यात, महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्यातली एक आमची अक्का. तिचं चौदावं सरलेलं नव्हतं. हजेरीपटावर तिचं वय अठरा लिहिलं गेलं, कारण त्याशिवाय नाव लागत नव्हतं. आणि त्याच वैशाखात तिचं लग्न ठरलं.

मुलींच्या लग्नाच्या वयाचा कायदा तेव्हाही होता. शारदा कायदा म्हणतात तो १९२९ चा, त्यात मुलीचं वय चौदा होतं, १९४९ ला पंधरा झालं. म्हणजे अक्का खडीच्या ढिगापाशी अठराची, मांडवात कायद्याला पाहिजे तेवढी, आणि घरात तेरा सरून चौदावं लागलेली. हे विचारायला ना तलाठी आला ना मास्तर. अण्णांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण घरात खाणारं एक तोंड कमी होणार, सोयरे कर्ज मागत नव्हते, आणि तिकडं विहिरीला पाणी होतं. पाणी होतं हे मी मुद्दाम लिहितो. त्या वर्षी आमच्या भागात पोरी पाणी बघून दिल्या गेल्या.

लग्नात रुखवत मांडायचं असतं. लाडू, शेवया, कुरडया, पापड, शिवलेली-विणलेली कलाकुसर. आमच्याकडं काय होतं? गव्हाचा दाणा नव्हता तर शेवया कशाच्या? आई आदल्या रात्री रिकाम्या पाटाकडं बघत बसली होती. तेव्हा अक्काच्या मैत्रिणी उठल्या. त्यांनी आराशीचं गाठोडं काढलं आणि बाहुल्यांचं सगळं सामान त्या पाटावर मांडलं. तुराटीचा चौरंग, त्यावर नऊ ठिगळांची गोधडी, पत्रावळी नव्या करून, बुचांच्या वाट्यांत मिलोचे चार चार दाणे, पाळणा, तोरण, गोणपाटाचा मांडव, आणि मांडवात नवरा-नवरी बाहुला-बाहुली. मोठ्या बायांच्या डोळ्यांना पदर लागले. आम्हा पोरांना वाटलं, काय झकास दिसतंय.

दुसऱ्या दिवशी वरपक्षाच्या बाया रुखवत बघायला आल्या. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. त्यांच्यातली एक वयस्क बाई मात्र खाली बसली. तिनं ती गोधडी उचलली, उलटी केली आणि मागच्या अंगानं टाके बघितले.

“उलट्या अंगानंबी टाका सरळ हाय,” ती म्हणाली. “पोरगी कामाची हाय.”

सगळ्यांनी श्वास सोडला. मलाही केवढा अभिमान वाटला! आता ते वाक्य आठवलं की त्यातला ‘कामाची’ एवढाच शब्द ऐकू येतो.

अक्का सासरी गेली. बाहुल्यांचं सामान तिच्या पेटीत घालून दिलं होतं, पण तिकडं ते कुणी उघडलं नाही. पाच-सहा वर्षांनी, १९७८ साली, सरकारनं मुलीच्या लग्नाचं वय अठरा केलं. तेव्हा अक्का एकोणीसची होती आणि तिला दोन लेकरं होती. चौरंग कधी मोडला, मांडवाचं काय झालं, हे तिलाही सांगता येत नाही. गोणपाट होतं, लागलं असेल कशाला तरी. गोधडी तेवढी राहिली. धाकट्या लेकराच्या उशाखाली घातली होती म्हणून राहिली.

आमच्या घरी आजीमागं आरास आईनं चालवली, आईमागं माझ्या बायकोनं. मधल्या काळात थर्माकोलचे मखर आले. हलकं, पांढरं, स्वस्त, आणि पोरांना काटे टोचायला नकोत. २०१८ ला सरकारनं थर्माकोलवर बंदी घातली, तर आता पुठ्ठ्याचे आणि कापडी फुलांचे मिळतात. बार्शीच्या बाजारात बाळांची झबली-टोपडी तयार मिळतात, जरीची, टिकल्यांची. बाहुली प्लास्टिकची, तिचा फ्रॉक तिच्या अंगावरच येतो. ते वाईट असं माझं म्हणणं नाही. आईनं चिंधीसाठी ऐकलेली बोलणी माझ्या नातीनं ऐकावीत असं मला मुळीच वाटत नाही.

अक्काचा नवरा गेला तेव्हा ती चाळिशीत होती. शेत थोडकं, पोरं शिकत होती. तिनं एक जुनं मशीन घेतलं आणि पोलकी शिवायला लागली. पोलक्यांत काही सुटेना. मग एका वर्षी गावातल्या एका नोकरदार सुनेनं तिला सांगितलं, मला लक्ष्म्यांना लुगडी नेसवता येत नाहीत, कुठंतरी सैल पडतात, काहीतरी करून द्या. अक्कानं लक्ष्मीच्या कोठीचं माप घेतलं आणि बाहुल्यांना शिवायची तशी अर्धी नऊवारी शिवून दिली. समोरच्या निऱ्या कायमच्या शिवलेल्या, पदर शिवलेला, कासोट्याचं टोक बाजूनं दिसणारं, मागं फक्त नाडी. बांधली की लक्ष्मी तयार. पुढच्या वर्षी सात जोड मागवले गेले. त्याच्या पुढच्या वर्षी पुण्याहून निरोप आले. आता तयार नऊवारी शहरांत दुकानोदुकानी दिसते, त्यात अक्कानं शोध लावला असं मी म्हणणार नाही. गावोगावच्या पोरींना ती युक्ती ठाऊक होतीच. पण अक्काच्या घराचा पत्रा जाऊन स्लॅब पडला तो त्या युक्तीवर.

ती कापड बेतते ते बघण्यासारखं असतं. सहावारी साडी अंथरते, काठ दोन्हीकडं सारखा येईल अशी दुमडते आणि एका साडीत ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघींची लुगडी काढते. उरलेल्या कोपऱ्यात बाळाचं झबलं. त्यातनंही जे उरतं ते टाकत नाही, एका पिशवीत भरते. त्या पिशवीत हात घालून बघितलं मी. सगळं पॉलिस्टर. सुताची चिंधी एकही नाही.

तिची नात एकोणीस वर्षांची आहे, बार्शीला कॉलेजात जाते. गिऱ्हाइकांशी फोनवर तीच बोलते, शिवलेल्या लुगड्यांचे फोटोही तीच पाठवते. तिला साधं बटण लावता येत नाही. अक्कानं सुना सोडाच, शेजारच्या चार पोरींना शिवण शिकवलं, पण नातीच्या हातात सुई दिली नाही. विचारलं तर म्हणते, “तिला परीक्षा हाय.”

यंदा नातीनं टूम काढली. नुसत्या लुगड्याचे फोटो चांगले दिसत नाहीत, पुढं लहानशी पंगत मांडून काढू. चौरंग, पाट, पत्रावळी, सगळं बाहुलीच्या मापाचं. अक्कानं पेटीतनं गोधडी काढून दिली. चौरंगाचं काम माझ्याकडं आलंय. मालदांडीची धाटं गोठ्याच्या माळ्यावर आहेत. “काटे वाळलेलेच आण,” असा अक्कानं फोनवर दोनदा निरोप दिलाय, “ओला काटा वाकतो.”